दूरचा संगणक आणि घरचा दोष

श्रोतेहो, घरीं बसून दूरच्या संगणकावर काम करण्याची सोय आतां पुष्कळ घरांत आली आहे. विंडोज प्रणालींत तिला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. २००१ सालीं निघालेल्या विंडोज एक्सपीपासून ती साध्या संगणकावरहि मिळूं लागली. हींत काम होतें पलीकडील यंत्रावर. आपल्याकडे येतें तें त्याच्या पडद्याचें चित्र, आणि आपल्याकडून जातात त्या कळफलकाच्या व माउसच्या खुणा. परंतु दोष उद्भवला म्हणजे तो कोणत्या टोकाला आहे हें ओळखण्यांत भलेभले चुकतात. मीहि चुकलों, आणि त्यापायीं एका निरपराध मुलीची नोकरी जाण्याची वेळ आली होती. तीच हकीकत आज सांगणार आहें.

निवृत्तीनंतर मीं एका ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांची सूची करण्याचें काम पत्करलें. ग्रंथालयांतील संगणकाशीं घरून जोडणी करावी आणि नोंदी लिहाव्या, असा क्रम होता. एके दिवशीं जोडणी होतां होतां ‘ॲप्लिकेशन एरर’ अशी पाटी झळकली आणि सारें मिटलें. दुसऱ्या दिवशीं कांहीं नाहीं. तिसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. पावसाला, विजेला, तारेला, सर्वांना दोष देऊन झाला. शेवटीं मीं ठरविलें कीं, तेथील संगणक सांभाळणारी हंगामी साहाय्यिकाच निष्काळजी असली पाहिजे. ती म्हणाली, “गुरुजी, आमच्या यंत्राच्या नोंदींत त्या वेळचा कांहींच दोष दिसत नाहीं.” मला ती सबब वाटली. मीं चिटणिसांना तक्रारीचें पत्र लिहिलें, आणि तिच्या जागीं दुसरा माणूस नेमण्याचें बोलणें सुरू झालें.

पत्र गेल्यावर मात्र मन स्वस्थ राहीना. आयुष्यभर मुलांना ‘आधीं रीत, मग उत्तर’ असें बजावणाऱ्या मास्तरानें रीत न करतांच उत्तर लिहिलें होतें! मग वही काढली. तारीख, वेळ, कोणत्या संगणकावरून जोडणी केली आणि निकाल, असे चार रकाने आंखले. वीस जोडण्यांपैकीं ९ माझ्या टेबलावरील संगणकावरून झाल्या व ११ सुनेच्या लॅपटॉपवरून. दोष आला ६ वेळां, आणि सहाहि वेळां तो टेबलावरील संगणकावर. पलीकडचें यंत्र तर दोन्हींकडून तेंच होतें!

येथें तीन प्रकार वेगळे केले पाहिजेत. जोडणी मुळींच होत नसेल, तर प्रथम वाटेंत किंवा पलीकडे पाहावें: तें यंत्र बंद असेल, किंवा ही सोय सामान्यतः ज्या ३३८९ क्रमांकाच्या द्वारानें चालते तें अडविलेलें असेल. जोडणी होऊन पलीकडील पडद्यावरचा एखादा प्रोग्रॅम बंद पडत असेल, तर तपास पलीकडे करावा. परंतु जोडणी करून देणारा प्रोग्रॅमच कोसळत असेल, तर आधीं आपलेंच यंत्र तपासावें.

विंडोज एक रोजनिशी ठेवीत असते. तिचें नांव इव्हेंट व्ह्यूअर. तिच्या ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘ॲप्लिकेशन’ या भागांत ‘ॲप्लिकेशन एरर’, क्रमांक १०००, अशा नोंदी पाहाव्या. कोणता प्रोग्रॅम कोसळला आणि त्यांतला कोणता घटक अडखळला, हें तेथें मिळतें. माझ्या घरच्या यंत्रांत त्या सहा वेळांच्या सहाहि नोंदी होत्या. घटक होता माझ्या जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरचा, आणि खुणेच्या शेवटीं होतें ‘सी००००००५’. म्हणजे परवानगी नसलेल्या स्मृतिस्थानाला हात लावणें.

प्रिंटरचा येथें काय संबंध, असें आपण विचाराल. दूरच्या संगणकावरील कागद घरच्या प्रिंटरवर छापतां यावा, म्हणून जोडणीच्या वेळींच घरचा प्रिंटर पलीकडे दाखविला जातो, आणि त्यासाठीं ड्रायव्हरला विचारावें लागतें. मग दोष रोज कां येत नाहीं? चुकलेला ड्रायव्हर ज्या स्थानाकडे जातो तेथें त्या क्षणीं काय असेल, हें प्रत्येक वेळीं सारखें नसतें. शिवाय सुरक्षिततेसाठीं विंडोज व्हिस्टापासून प्रणाली आपले घटक मुद्दाम निरनिराळ्या जागीं मांडते. म्हणून कधीं निभावतें, कधीं कोसळतें. यंत्राला लहर नसते. कारण आपल्या दृष्टीआड असतें इतकेंच.

उपाय करतांना मीं एका वेळीं एकच गोष्ट बदलली. रिमोट डेस्कटॉपच्या ‘शो ऑप्शन्स’मध्यें ‘लोकल रिसोर्सेस’ हें पान आहे. तेथें ‘प्रिंटर्स’पुढील खूण काढली. वीस जोडण्या निर्वेध झाल्या. खात्रीसाठीं खूण परत केली. तिसऱ्याच जोडणीस पाटी झळकली. मग प्रिंटरच्या उत्पादकाचा नवा ड्रायव्हर बसविला, खूण तशीच ठेवली, आणि महिनाभर वही कोरी राहिली. कोणी घाईनें सुरक्षा-भिंत पाडावयास किंवा सारी प्रणाली नव्यानें बसवावयास सांगतात. त्यानें माझा दोष सांपडला नसता.

ड्रायव्हर बसविण्यापूर्वींच, वहीची नक्कल जोडून, मीं चिटणिसांना दुसरें पत्र लिहिलें व पहिलें परत मागितलें. मुलगी कामावर राहिली. तिची क्षमा मागण्यास मी स्वतः गेलों. तिनें पहिल्याच दिवशीं खरा पुरावा दिला होता. त्या यंत्रांत नोंद नव्हती, कारण दोषच तेथें नव्हता.

काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण मीं वर्गांत किती वेळां समजावून दिली असेल! आतां ती मला समजली. दूरच्या माणसावर ठपका ठेवण्यापूर्वीं, श्रोतेहो, घरची रोजनिशी एकदां उघडून पाहा.