गुन्हा, भरपाई आणि क्षमापना : मेंढा-लेखाच्या सभेतून दिसणारा न्याय

बाजारपेठेतील एखाद्या दुकानात चार वर्षे इमानाने काम केलेला एकोणीस वर्षांचा मुलगा गल्ल्यातून चार हजार रुपये घेतो आणि तिसऱ्या दिवशी पकडला जातो. असा प्रसंग चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, देसाईगंज वा गडचिरोली येथील कोणत्याही व्यापारी घराला अपरिचित नाही. अशा वेळी मालकासमोर सहसा दोन मार्ग असतात. एक, मुलाला मुकाट्याने घरी पाठवावे आणि रक्कम बुडीत खाती टाकावी. दोन, पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. पहिल्या मार्गाने मुलाला आपण काय केले हे उमगत नाही, आणि बाजारात कुजबुज मात्र होते. दुसऱ्या मार्गाने प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळते, मुलाच्या माथ्यावर कायमचा शिक्का बसतो आणि मालकाचे चार हजार रुपये बहुधा परत येत नाहीत. दोन्ही मार्गांत एक प्रश्न कोणी विचारत नाही : ज्याचे नुकसान झाले त्याला नेमके काय हवे आहे, आणि ज्याने नुकसान केले त्याने ते कसे भरून द्यावे?

हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवणारी न्यायाची एक शाखा गेल्या पन्नास वर्षांत जगभर विकसित झाली आहे. तिला पुनर्स्थापक न्याय, म्हणजे बिघडलेले पुन्हा जागेवर आणणारा न्याय, असे म्हणता येईल. परदेशांतील काही विद्यापीठांत या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. सनदी लेखापाल आणि व्यवस्थापन या ठरलेल्या वाटा सोडून एखादी मुलगी वा मुलगा हा विषय शिकण्याची इच्छा व्यक्त करतो, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी स्वाभाविकपणे विचारतात, हे शिकून करायचे काय? त्याचे उत्तर शोधताना अमेरिका वा कॅनडापर्यंत जावे लागतेच. परंतु उत्तराचा मोठा भाग गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात सापडतो.

एल्मिरा येथील बावीस दारे

या चळवळीचा आरंभ बहुधा १९७४ मधील कॅनडातील एका घटनेपासून सांगितला जातो. ओंटारियो प्रांतातील एल्मिरा या लहान गावात दोन तरुणांनी एका रात्री दारूच्या नशेत बावीस ठिकाणी नासधूस केली. गाड्यांचे टायर कापले, खिडक्या फोडल्या. मार्क यांत्झी नावाच्या परिविक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांपुढे एक अनपेक्षित सूचना ठेवली : या दोघांनी ज्यांचे नुकसान केले त्यांना प्रत्यक्ष भेटावे. न्यायाधीशांनी ती मान्य केली. दोघे तरुण दारोदार गेले, कबुली दिली, नुकसान किती झाले ते ऐकून घेतले आणि पुढील काही महिन्यांत भरपाई केली.

भरपाईची रक्कम फार मोठी नव्हती. महत्त्वाचे होते ते दार वाजवणे. ज्या खिडकीवर दगड मारला तिच्यामागे माणूस राहतो, तो घाबरतो, त्याला झोप लागत नाही, हे कोणत्याही दंडाच्या पावतीवर लिहिलेले नसते.

पुढे हॉवर्ड झेर या अमेरिकन अभ्यासकाने या विचाराला शास्त्रशुद्ध बैठक दिली. त्यांचा मूळ ग्रंथ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मांडणीचा सारांश असा : रूढ न्यायव्यवस्था विचारते, कोणता कायदा मोडला, कोणी मोडला आणि त्याला शिक्षा कोणती? पुनर्स्थापक न्याय विचारतो, कोणाला इजा झाली, त्याची गरज काय आणि ती भागवण्याची जबाबदारी कोणाची? न्यूझीलंडने १९८९ मध्ये बालगुन्हेगारीच्या कायद्यात कुटुंब-परिषदेची पद्धत आणली. अपराधी मूल, त्याचे नातेवाईक आणि इजा झालेली व्यक्ती एकत्र बसून पुढचा मार्ग ठरवतात. या रचनेमागे तेथील मूळनिवासी माओरी समाजाच्या परंपरेची प्रेरणा होती.

परदेशी वर्गात काय शिकवतात

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठ आहे. झेर यांनी तेथेच अध्यापन केले. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र केंद्र आहे आणि बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठही या अभ्यासासाठी ओळखले जाते. अशा ठिकाणी पुस्तकी अभ्यास जितका, तितकाच प्रत्यक्ष कामाचा भाग असतो.

विद्यार्थ्याला प्रथम शिकावे लागते ते ऐकणे. दोन पक्षांना समोरासमोर आणण्यापूर्वी प्रत्येकाला स्वतंत्रपणे, गरज पडल्यास अनेकदा, भेटावे लागते. अपराध्याने आपले कृत्य मान्य केले आहे का? इजा झालेली व्यक्ती स्वेच्छेने येत आहे का, की शेजाऱ्यांच्या आग्रहामुळे? तिच्यासोबत आधाराला कोण बसेल? यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर बैठक घ्यायचीच नाही. बैठकीत अनेकदा सर्वजण वर्तुळात बसतात आणि एखादी वस्तू हातोहात फिरते. ती ज्याच्या हातात असेल त्यानेच बोलायचे, इतरांनी मध्ये तोंड घालायचे नाही. शेवटी जे ठरेल ते लिहून काढायचे : किती भरपाई, किती हप्त्यांत, कोणते काम, कोणाच्या देखरेखीखाली. आणि त्यानंतर ते पाळले जाते की नाही, याचा पाठपुरावा करायचा.

व्यापारी घरातील वाचकाच्या लक्षात येईल की ही पद्धत त्याला अगदीच नवी नाही. येणे-देणे चुकले तर आधी खाते तपासायचे, दोन्ही बाजूंच्या वह्या समोर ठेवायच्या, पंचांसमक्ष आकडा ठरवायचा आणि हप्ते बांधून द्यायचे, ही रीत बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. फरक एवढाच की येथे खात्यात रुपयांसोबत भीती, अपमान आणि तुटलेला विश्वासही मांडला जातो.

मेंढा-लेखाची सभा

धानोरा तालुक्यातील मेंढा हे चार-पाचशे वस्तीचे गोंड आदिवासींचे गाव. शेजारच्या लेखा गावावरून ते मेंढा-लेखा म्हणून ओळखले जाते. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्यातून गावात जागृती झाली. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे अभ्यासक-कार्यकर्ते या गावाशी जोडले गेले आणि गावातील देवाजी तोफा यांच्यासह अनेकांच्या साथीने एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा येथूनच महाराष्ट्रभर पोहोचली.

या प्रयोगाचा गाभा म्हणजे सर्वसहमती. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेकडे जातो. त्याच्या शंकेला उत्तर मिळेपर्यंत थांबायचे. स्त्रिया आणि पुरुष दोघेही सभेत बसतात. सभेपासून वेगळा अभ्यास गट असतो. तेथे विषयाची माहिती घ्यायची, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचे, खूप प्रश्न विचारायचे. निर्णय मात्र तेथे करायचा नाही, तो सभेतच. मधमाश्यांचा अभ्यास झाला आणि माश्या न मारता मध काढण्याच्या अहिंसक पद्धतीकडे गाव वळले, हे अशाच अभ्यासाचे फळ. दारूबंदीचा प्रश्नही गावाने चर्चेतूनच सोडवला.

सर्वसहमतीचा न्यायाशी संबंध काय? बहुमताने निर्णय झाला की एक पक्ष जिंकतो आणि दुसरा हरतो. हरलेला उद्याही त्याच गावात, त्याच विहिरीवर, त्याच जंगलात असतो. लहान गावाला हरलेला माणूस परवडत नाही. म्हणून जेथे सर्वांना एकत्र राहायचेच आहे, तेथे तंटा संपवण्यापेक्षा नाते दुरुस्त करणे अधिक निकडीचे ठरते. हॉवर्ड झेर यांनी ग्रंथात मांडलेला विचार मेंढ्याच्या सभेने रोजच्या व्यवहारातून कमावला.

याच गावाच्या गोटुलाची हकीकत बोलकी आहे. गावकऱ्यांनी जंगलातील लाकूड वापरून गोटूल, म्हणजे परंपरेने चालत आलेले सामूहिक घर, बांधले. वनखात्याने ते पाडून लाकूड नेले. गावाने हात उगारला नाही, परंतु माघारही घेतली नाही. आसपासच्या गावांना सोबत घेऊन गोटूल पुन्हा उभे केले आणि संवाद चालू ठेवला. ज्या शासनाशी त्या वेळी संघर्ष होता, त्याच शासनाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मेंढा-लेखाला दिला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकारही ग्रामसभेकडे आले. २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा मार्ग स्वीकारला. मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये निवर्तले. सभा चालू आहे.

कायद्याने दिलेली जागा

अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने तंटे सोडवण्याच्या परंपरागत पद्धती जपण्याचे सामर्थ्य ग्रामसभेला दिले आहे. गडचिरोलीचा मोठा आणि चंद्रपूरचा काही भाग या क्षेत्रात येतो. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ती सुरू करणारे तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील पुढे गडचिरोलीचे पालकमंत्री झाले. महाराष्ट्राची याहून जुनी पुण्याई म्हणजे आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर. औंध संस्थानाने १९३९ मध्ये तेथे कैद्यांची खुली वसाहत उभारली. भिंतीऐवजी विश्वासावर चाललेल्या याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांचा १९५७ मधील ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट सुचला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील एक तरतूद प्रत्येक दुकानदाराने ध्यानात ठेवावी अशी आहे. चोरीचा ऐवज पाच हजार रुपयांहून कमी असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने ऐवज वा त्याचे मूल्य परत केले असेल, तर त्याला तुरुंगवासाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेला चार हजारांचा मुलगा मात्र दुकानाचा नोकर असल्याने या तरतुदीत सरळ बसत नाही. ही सेवा कोणती, कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार, हे सार्थपणे राबवायचे तर प्रशिक्षित माणसे लागतील. परदेशी जाऊन हा विषय शिकलेल्या मुलीला काम काय, याचे एक उत्तर यात आहे.

सावधगिरीची दुसरी बाजू

मात्र गाव जमले म्हणजे न्याय झाला, असे समजणे घातक आहे. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री आणि एक पुरुष यांना गावकऱ्यांनी जाळून मारले. तेथेही गावच जमले होते. जातपंचायतींनी लादलेल्या बहिष्काराचा अनुभव महाराष्ट्राला इतका कटू आला की २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. तंटामुक्तीच्या पुरस्कारासाठी दुर्बळाला गप्प बसवले गेले, तर तीही तडजोड नव्हे, दडपशाहीच.

म्हणून प्रशिक्षणाचे मोल आहे. स्वेच्छा, कबुली, दुर्बळाचे संरक्षण आणि न्यायालयाचा खुला दरवाजा या चार गोष्टी नसतील तर बैठक घेऊ नये. स्त्रियांवरील वा बालकांवरील अत्याचार घरातल्या घरात मिटवणे हा पुनर्स्थापक न्याय नाही. तो अपराध लपवण्याचा प्रकार आहे, मग ते घर कितीही प्रतिष्ठित असो. परदेशातून पदवी घेऊन येणाऱ्याने ही सीमारेषा आणावी, आणि मेंढ्यासारख्या गावाकडून धीर शिकावा. इकडेही शिकण्याची सोय आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैदी आणि त्यांच्या पुनर्वसनासाठी काम करीत आहे. परदेशी जाण्याआधी अशा ठिकाणी सहा महिने काम केले, तर विषय पेलतो की नाही हे मुलांनाही कळेल आणि पालकांनाही.

क्षमापनेचा अर्थ

पर्युषणाच्या अखेरीस ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणणाऱ्या समाजाला हा विचार परका वाटू नये. प्रायश्चित्त हे आपल्या परंपरेत आभ्यंतर तप मानले आहे, आणि त्याचा आरंभ आलोचनेने, म्हणजे स्वतःचा दोष स्वतःच्या मुखाने सांगण्याने होतो. परंतु आज क्षमापना पुष्कळदा अशांकडेच पोहोचते ज्यांच्याशी आपले काही बिघडलेलेच नाही. एक ठरीव संदेश दोनशे जणांना जातो. ज्या भावाशी वाटणीवरून दहा वर्षे बोलणे नाही, ज्या नोकराला संशयावरून काढले आणि पुढे पैसे कपाटामागे सापडले, त्यांचे दार मात्र वाजवले जात नाही.

एल्मिराच्या त्या दोन तरुणांना बावीस दारे वाजवावी लागली. येत्या क्षमापना दिनी प्रत्येकाने निदान एक दार वाजवावे, आपले चुकले ते नाव घेऊन सांगावे, आणि देणे निघत असेल तर ते सोबत न्यावे. घरातील एखादी लेक हा विषय शिकू इच्छित असेल, तर तिला अडवण्यापूर्वी घरातील असे एक जुने खाते तिच्यापुढे उघडून ठेवावे.