बालवीर पथकाची दिवसभराची सहल : बेत कसा आखावा?

सहल काढणे सोपे आहे. गाडी ठरविली, वर्गणी गोळा केली, डबे आणावयास सांगितले की सहल निघते. परंतु अशी सहल आणि बालवीर पथकाचा दिवसभराचा कार्यक्रम ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मुलांना नेले जाते; दुसरीत मुले स्वतः जातात, स्वतः शिजवितात, वाट शोधतात आणि एकमेकांस सांभाळून परत येतात. ह्यासाठी आधी पुष्कळ विचार करावा लागतो. आपल्या भागातील काही शाळांतून स्काऊट-गाइडचे काम नव्याने सुरू होत आहे. ते अंगावर घेणाऱ्या तरुण शिक्षकबंधूंस व भगिनींस उपयोगी पडाव्यात म्हणून चार गोष्टी येथे मांडीत आहे.

ही चळवळ जन्मली तीच मुळी उघड्यावर. १९०७ च्या ऑगस्टात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राऊन्सी बेटावर बेडन-पॉवेल ह्यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांत बड्या घरची मुले होती तशीच कामकरी घरांतीलही होती. त्यांच्या चार टोळ्या पाडून प्रत्येकीवर एक मुलगाच नायक नेमला. पुढल्याच वर्षी त्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक निघाले. आपल्याकडे निरनिराळ्या संस्था एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही संघटना स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाइड संस्थाही तीत सामील झाली. इतक्या वर्षांत पुष्कळ बदलले. पण सहा ते आठ मुलांची टोळी आणि तिचा नायक हा पाया बदललेला नाही. दिवसभराचा बेत ह्याच पायावर उभा करावयाचा असतो.

बेत आखताना एक कसोटी सदैव हाताशी ठेवावी. पथकातील शेवटच्या मुलाकडे पाहावे. चालण्यात सर्वांत मागे राहणारा, वर्गणी देण्यास सर्वांत कठीण जाणारा, खाण्याची पथ्ये सर्वांत अधिक असणारा आणि घर सर्वांत दूर असणारा, असा प्रत्येक बाबतीत एक शेवटचा मुलगा असतो. त्याला जमेल तोच बेत पथकाचा. जो बेत चपळ व सधन मुलांना डोळ्यांपुढे ठेवून आखला जातो, त्यात कोणी तरी मागे राहतो, आणि ते बहुधा आपल्या लक्षातही येत नाही.

दिवस आणि जागा

आमच्या बेळगाव भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जून ते सप्टेंबर पाऊस. एप्रिल-मे महिन्यांत ऊन आणि दुपारनंतर वळवाच्या विजा. रविवार सर्वांस सोयीचा, तरी पंचांग व कॅलेंडर दोन्ही पाहावीत. परीक्षा, एकादशीसारखे उपवास, घरोघरची लग्ने हे सर्व विचारात घ्यावे. रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून गेल्या वर्षीचा अंदाज ह्या वर्षी चालत नाही. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या मुलाला घरीच काम असते, हेही विसरू नये.

जागा फार लांबची नसावी. प्रवासात चार तास गेले तर दिवस गाडीतच संपतो. लहान मुलांस बेळगावच्या किल्ल्यातही दिवस पुरतो : खंदक, तट, कमलबस्ती आणि साफा मशीद पाहावी, नकाशा काढावा. मोठ्यांसाठी येळ्ळूरजवळचा राजहंसगड चांगला. चालणे होते, चढ चढावा लागतो आणि वरून सभोवारचा मुलूख दिसतो. जागा कोणतीही असो, दोन शिक्षकांनी आठ-दहा दिवस आधी स्वतः जाऊन यावे. पिण्याचे पाणी कोठे मिळते, सावली कोठे आहे, शौचाची सोय काय, गाडी कोठपर्यंत येते, फोन कोठे लागतो, जवळचा दवाखाना कोठे, ह्या सर्वांची वहीत नोंद करावी. उघडी विहीर, तलाव, ढासळलेला तट, आग्या माश्यांचे पोळे ह्यांवर विशेष नजर ठेवावी. पोळे असलेल्या जागी धूर मुळीच करू नये. शेत असल्यास मालकाची, गावची जागा असल्यास पंचायतीची आणि रान असल्यास वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

वेळेचे गणित उलटे मांडावे

पुष्कळ ठिकाणी बेत सकाळपासून आखतात आणि संध्याकाळ जशी येईल तशी घेतात. खरे पाहता वेळापत्रक शेवटापासून मांडावे. डिसेंबरात आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुले साडेपाचला शहरात परत हवीत, म्हणजे ज्याचे घर लांब आहे तोही फार अंधार पडण्यापूर्वी पोहोचेल. त्यासाठी गावातून गाडी पावणेपाचला हलली पाहिजे.

आता चालण्याचा हिशेब. विल्यम नेस्मिथ ह्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम सांगितला. सपाटीवर तासाला सुमारे ५ किलोमीटर धरावे आणि दर ६०० मीटर चढास आणखी एक तास मिळवावा. समजा, चालावयाचे अंतर ५ किलोमीटर व चढ २०० मीटर आहे. नियमाप्रमाणे एक तास वीस मिनिटे होतात. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा झाला. मुलांसाठी त्यात निम्मी भर घालावी, म्हणजे दोन तास. उतरण्यास दीड तास ठेवावा.

यावरून दिवस असा बसतो. तीनला गड सोडावयाचा, साडेचारला गावात, पंधरा मिनिटे हाताशी शिल्लक. म्हणजे दोन वाजून चाळीस मिनिटांनी आवराआवर व गणती. त्याआधी एखादा खेळ आणि त्याआधी अर्धा तास विश्रांती. स्वयंपाक व जेवण साडेअकरा ते दीड. साडेदहा ते साडेअकरा शिकण्याची कामे. दहाला वर पोहोचणे, म्हणून आठला चालू लागणे, म्हणून सातला शाळेच्या पटांगणात जमणे. सकाळी अर्धा तास उशीर झाला तर तो खेळातून कापावा. परतीची वेळ मात्र हलवू नये.

टोळी आणि तिची कामे

बत्तीस मुले असल्यास आठ-आठांच्या चार टोळ्या कराव्यात. टोळीत दोन-दोन मुलांच्या जोड्या लावाव्यात आणि जोडीदाराने जोडीदाराला नजरेआड होऊ देऊ नये. दर टोळीमागे एक मोठे माणूस असावे व त्याखेरीज एक जण मोकळा असावा. मुली असतील तर शिक्षिका हवीच. चालताना एक शिक्षक पुढे व एक अगदी मागे, आणि पुढच्याने वेग मागच्याकडून विचारून घ्यावा. मंद चालणाऱ्या मुलास शेवटी टाकू नये. पुढून दुसऱ्या-तिसऱ्या जागी ठेवावे. तो दमला हे पुढच्यास लगेच कळते, आणि आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा झाला असे त्यालाही वाटत नाही.

गणती शाळेत, गाडीत, गावात, वर पोहोचल्यावर, जेवणाआधी, निघताना आणि पुन्हा गाडीत, अशी प्रत्येक टप्प्यावर व्हावी. ती टोळीनायकाने करावी, शिक्षकाने तपासावी.

शिकण्याची कामे जागेवरून सुचावीत. वाटेवर खडूने वा काटक्यांनी खुणा करून एका टोळीने पुढे जावे व दुसरीने माग काढावा : बाण म्हणजे ह्या वाटेने, फुली म्हणजे ह्या वाटेने नव्हे, वर्तुळात टिंब म्हणजे घरी गेलो. उन्हात काठी रोवून सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा, पंधरा-वीस मिनिटांनी नव्या टोकाशी दुसरा. पहिला खडा साधारण पश्चिमेस व दुसरा पूर्वेस येतो. काठीच्या व बुरुजाच्या सावल्या एकाच वेळी मोजून त्रैराशिकाने बुरुजाची उंची काढावी. वर्गात कंटाळवाणे वाटणारे त्रैराशिक येथे मुले आपण होऊन मांडतात. दोन काठ्या व एक चादर ह्यांची डोली करून एखाद्या मुलास वाहून न्यावे. मात्र एका दिवसात तीन कामांहून अधिक घेऊ नयेत. मुलांना झाडाखाली नुसते बसण्यासही वेळ हवा.

जेवण आणि खर्च

एका पातेल्यातले सर्वांनी खावे हा सहलीचा मोठा लाभ, म्हणून पदार्थ सर्वांना चालेल असा निवडावा. मुगाची खिचडी, काकडी, ताक, शेंगदाणे व गूळ ह्यांस सहसा कोणाचीच हरकत नसते. कांदा-लसूण न खाणारे कोणी असल्यास ती फोडणी वेगळी ठेवावी. घरून एक भाकरी व चटणी आणावयास सांगावे; ती वाटून खाताना कोणाच्या घरची चटणी तिखट ह्याची चर्चा दोन दिवस पुरते. चूल तीन दगडांची, मोकळ्या जागी, भोवतालचे वाळले गवत काढून मांडावी. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतून हात लावून पाहावा. कागद, पिशव्या, साली, सर्व परत आणावे.

खर्चाचे गणित नाजूक असते. वर्गणी जाहीर झाली की काही मुलांच्या घरी नेमके त्या दिवशी पाहुणे येणार असतात. शिक्षकाने हे पाहुणे ओळखावेत. वर्गणी कमीत कमी ठेवावी, ती कोणी दिली व कोणी नाही हे वर्गात वाचू नये, आणि गणवेश वा नवे बूट नाहीत म्हणून कोणास मागे ठेवू नये. मजबूत चपला, टोपी व पाण्याची बाटली एवढे पुरे.

काळजी

पालकांना पत्र लिहावे, व ते घरी ज्या भाषेत वाचले जाते त्या भाषेत, मराठी, कन्नड अगर उर्दू, द्यावे. निघण्याची व परतण्याची वेळ, जागा, शिक्षकांचे फोन, खर्च हे त्यात असावे. आणि मुलास दमा, फिट किंवा अन्य काही आहे काय हे विचारावे. दम्याचे औषध मुलाच्याच पिशवीत हवे.

प्रत्येक मुलामागे दोन ते तीन लिटर पाण्याची तरतूद असावी. कोणी उन्हाने गळून गेल्यास सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसावे. शुद्धीवर असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. बरळू लागल्यास वा शुद्ध हरपल्यास तोंडाने काही न देता तत्काळ दवाखाना गाठावा. साप चावल्यास कापणे, चोखणे, करकचून बांधणे हे सारे टाळावे. अवयव हलू न देता मुलास उचलून इस्पितळात न्यावे. मदतीसाठी ११२ हा क्रमांक सर्व टोळीनायकांना पाठ असावा. वीज चमकून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर उघडी जागा व एकटे झाड सोडून पक्क्या इमारतीत अगर गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पाण्यात उतरण्याची परवानगी कोणासही, पोहता येणाऱ्यासही, देऊ नये.

दुसऱ्या दिवशी टोळीनायकांना जवळ बसवून काय जमले, काय राहिले, हे त्यांच्याकडूनच ऐकावे व लिहून ठेवावे. पुढल्या सहलीचा बेत त्या वहीतून सुरू होतो, आणि तो आखण्यात मुलांचा वाटा दर खेपेस थोडा वाढवावा.

ट्रस्टच्या ह्या महोत्सवाच्या निमित्ताने एक नम्र सूचना कराविशी वाटते. चार मोठी पातेली, दोर, काठ्या, पाण्याचे डबे व प्रथमोपचाराची एक पेटी असा संच ट्रस्टने ठेवला, तर गावातील कोणतीही शाळा तो मागून नेऊ शकेल. त्याजोडीला थोडी रक्कम, शिक्षकाने नाव न सांगता मागावी व ट्रस्टने नाव न विचारता द्यावी अशी, बाजूस काढली, तर त्या पाहुण्यांमुळे घरी राहणारी मुलेही सातच्या गणतीला पटांगणात उभी राहतील.