कल्पित भाषा आणि त्या बोलणारी माणसे

१

विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या यांकडे विद्यापीठीय अभ्यासकाने गंभीरपणे पाहावे की नाही, हा प्रश्न आता फारसा वादाचा राहिलेला नाही. तथापि वाङ्मयाचा अभ्यासक या ग्रंथांत जे शोधतो त्याहून काही निराळे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला त्यांत आढळते. या प्रकारांतील कित्येक लेखकांनी आपल्या कल्पित समाजांसाठी स्वतंत्र भाषा रचल्या आहेत. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा असते. भाषाशास्त्राला त्या अर्थाने ती नाही. एखाद्या समाजावर नवी भाषा लादून तीन पिढ्यांनंतर काय होते ते पाहणे शक्य नाही, आणि शक्य असते तरी ते न्याय्य ठरले नसते. कादंबरीकार मात्र हा प्रयोग कागदावर करू शकतो.

अशा काही प्रयोगांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. कल्पित भाषा वाचकाला खरी केव्हा वाटते आणि केव्हा वाटत नाही, एवढाच प्रश्न समोर ठेवला आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ती खरी वाटते ती शब्दांच्या नवलाईमुळे नव्हे, किंवा व्याकरणाच्या परिपूर्णतेमुळेही नव्हे. तिच्यावर काळाच्या आणि बोलणाऱ्यांच्या खुणा दिसू लागल्या म्हणजे ती खरी वाटू लागते. जी भाषा आपल्या रचनाकर्त्याची आज्ञा तंतोतंत पाळते ती सांकेतिक लिपीसारखी असते. जी थोडीफार आज्ञाभंग करते तीच भाषा.

२

या विषयाचा आरंभ जे. आर. आर. टोल्कीन यांच्यापासून करणे सोयीचे आहे. टोल्कीन हे व्यवसायाने भाषेतिहासाचे अभ्यासक. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ व १९२० या वर्षांत, त्यांनी ऑक्सफर्डच्या महाकोशात डब्ल्यू या अक्षराने आरंभ होणाऱ्या शब्दांवर काम केले. पुढे १९२५ पासून १९५९ पर्यंत ते ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक होते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा त्यांचा ग्रंथ १९५४ व १९५५ मध्ये तीन खंडांत निघाला. आपण भाषा आधी रचल्या आणि त्या बोलल्या जाव्यात म्हणून कथा नंतर लिहिल्या, असे ते सांगत असत.

क्वेन्या आणि सिंदारिन या त्यांच्या दोन प्रमुख भाषा. पहिलीच्या नादावर फिनिश भाषेचा ठसा आहे, दुसरीच्या नादावर वेल्शचा. परंतु अनुकरणाची ही बाजू गौण होय. महत्त्वाची गोष्ट अशी की, टोल्कीन यांनी या दोन भाषा सुट्यासुट्या रचल्या नाहीत. त्यांनी आधी एक मूळ भाषा कल्पिली आणि नियमबद्ध ध्वनिपरिवर्तनांनी तिच्यातून या दोघी काढल्या. 'झाड' या अर्थाचा मूळ शब्द 'गलदा'. क्वेन्यात आरंभीचा 'ग' लोपला, मधला स्वर गळला आणि 'आल्दा' झाला. सिंदारिनमध्ये 'ग' टिकला, अंत्य स्वर गेला, दोन स्वरांमधील 'द' घर्षक बनला आणि 'गलध' झाला. हंसवाचक शब्द क्वेन्यात 'आल्क्वा' आहे, सिंदारिनमध्ये 'आल्फ'. येथे 'क्व' या संयोगाचा ओष्ठ्य ध्वनी झालेला आहे, आणि हा विकार टोल्कीन यांनी हवेतून काढलेला नाही: लॅटिनमधील 'क्वात्तुओर' या संख्यावाचकाशी सगोत्र असलेला वेल्श शब्द 'पेद्वार' असा आहे.

हस्त-हत्थ-हात, कर्ण-कण्ण-कान, सप्त-सत्त-सात ही मालिका ज्याने पहिल्याच वर्षी पाठ केली आहे, त्या मराठी विद्यार्थ्याला टोल्कीन यांचे कौशल्य विशेष स्पष्टीकरणावाचून कळेल. 'हात' या शब्दातील दीर्घ 'आ' म्हणजे गेलेल्या 'त्थ'ची खूण होय. टोल्कीन यांच्या शब्दांतही अशाच गेलेल्या वर्णांच्या खुणा आहेत. सामान्य वाचकाला नियम ठाऊक नसतात. परंतु नकाशावरील नद्या, डोंगर आणि राजवंश यांच्या नावांत काही आप्तसंबंध आहे हे त्याच्या कानाला जाणवते, आणि त्या जगाला भूतकाळ आहे असा विश्वास त्याला वाटू लागतो.

३

दुसऱ्या वर्गातील कादंबऱ्यांचा हेतू निराळा आहे. तेथे भाषा ही विचारांना वळण लावणारे यंत्र म्हणून येते. या कल्पनेमागे एडवर्ड सपिर (१८८४-१९३९) आणि त्यांचे शिष्य बेंजामिन ली व्हॉर्फ (१८९७-१९४१) यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले गृहीतक आहे. व्हॉर्फ हे हार्टफर्ड येथील एका विमा कंपनीत आगीच्या धोक्याची तपासणी करीत आणि उरलेल्या वेळात अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांचा अभ्यास करीत. होपी भाषेत आपल्यासारखी कालकल्पना व्यक्त करणारी रूपे नाहीत, म्हणून होपी माणसाचे जगच वेगळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकेहार्ट मालोत्की यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सविस्तर ग्रंथाने होपीत कालवाचक रूपे विपुल आहेत हे दाखवून दिले. याचा अर्थ गृहीतक सर्वस्वी निराधार आहे असा नव्हे. रशियन भाषेत गडद व फिकट निळ्या रंगांना दोन स्वतंत्र मूलशब्द आहेत. त्या सीमेच्या दोन बाजूंच्या छटा रशियन भाषकांना किंचित लवकर वेगळ्या ओळखता येतात, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. भाषा लक्ष वेधते, सवय लावते. ती तुरुंग बांधीत नाही, एवढाच निष्कर्ष आज सुरक्षितपणे काढता येतो.

कादंबरीकारांना मात्र तुरुंगाचीच कल्पना अधिक आकर्षक वाटली. जॉर्ज ऑर्वेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) मध्ये राज्यसत्ता शब्दच कमी करीत जाते, म्हणजे बंडखोर विचार मनात येण्याचीच सोय उरू नये. ही कादंबरी राजकीय इशारा म्हणून थोर आहे. भाषाशास्त्रीय भाकित म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. एखाद्या शब्दाचा एक अर्थ कोशातून पुसला तर लोक तो दुसऱ्या शब्दाला चिकटवतात. उपरोध, शिव्या आणि कुजबूज यांना कोणत्याही कोशाची संमती लागत नाही. ऑर्वेल यांना हे कळत नसावे असे मानण्याचे कारण नाही. नव्या कोशाचे काम करणारा आणि त्या भाषेचे मर्म सर्वांहून अधिक जाणणारा विद्वानच त्यांच्या कथेत एके दिवशी नाहीसा होतो. आणि ग्रंथाच्या शेवटचे परिशिष्ट, जे या भाषेची माहिती देते, ते चालू इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलेले आहे. ती भाषा अखेरीस जिंकली नाही, असा अर्थ काही वाचकांनी यावरून काढला आहे, आणि तो अग्राह्य म्हणता येत नाही.

जॅक व्हान्स यांची 'द लँग्वेजेस ऑफ पाओ' (१९५८) ही या दृष्टीने कमी प्रसिद्ध पण अधिक उद्बोधक कादंबरी. पाओ या ग्रहावरील लोक स्वभावाने निष्क्रिय. त्यांतून योद्धे, यंत्रज्ञ आणि व्यापारी निर्माण करावेत म्हणून राज्यकर्ते तीन नव्या भाषा तीन गटांना शिकवतात. येथपर्यंत ती व्हॉर्फ यांच्या मताचे निव्वळ नाट्यीकरण वाटते. परंतु या भाषा शिकणारे तरुण दुभाषे गंमत म्हणून सर्वांची भेसळ करून एक बोली बनवतात, आणि शेवटी साऱ्या ग्रहाची भाषा म्हणून तीच भेसळ स्वीकारली जाते. योजना एकीकडे आणि खेळ दुसरीकडे, यांत खेळ टिकतो. प्रत्यक्षातही असेच घडलेले आहे. निकाराग्वामध्ये १९७७ नंतर मानाग्वा येथील शाळांत मूकबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षकांचा भर ओठांवरून स्पॅनिश शिकविण्यावर होता. मुलांनी मात्र आपसांत एक नवी खुणांची भाषा घडवली, आणि मागून आलेल्या लहान मुलांनी तिला व्याकरणाची शिस्त आणली. तिला कोणीही रचनाकर्ता नव्हता.

४

अर्सुला ले ग्विन यांच्या 'द डिस्पझेस्ड' (१९७४) मध्ये हा प्रश्न अधिक सूक्ष्मपणे हाताळला आहे. अनारेस या उपग्रहावरील समाजाने खाजगी मालमत्ता नाकारली आहे, आणि त्यांची प्राविक ही भाषा त्या तत्त्वाला अनुसरून मुद्दाम घडविलेली आहे. तीत स्वामित्ववाचक सर्वनामे जवळजवळ वापरली जात नाहीत. नायकाची लहान मुलगी आपला रुमाल देऊ करताना 'माझा' हा शब्द उच्चारीत नाही. आपण जो वापरतो त्यात त्यानेही सहभागी व्हावे, अशा अर्थाचे ती बोलते.

येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. इंग्रजीतील 'हॅव' या क्रियापदाला मराठीत प्रतिशब्द नाही. आपण 'मला दोन मुलगे आहेत', 'त्याच्याजवळ पैसे आहेत', 'तिला ताप आहे' असे म्हणतो. वस्तू कर्तृपदी असते आणि मालक विभक्तीच्या किंवा शब्दयोगी अव्ययाच्या आडोशाला उभा असतो. व्हॉर्फ यांचे मत शब्दशः खरे मानले तर मराठी भाषकांत मालकीची भावना क्षीण असावयास हवी होती. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे भाऊबंदकीचे दावे ज्याने पाहिले आहेत, त्याला या अनुमानाची किंमत वेगळी सांगावयास नको.

ले ग्विन यांचे श्रेष्ठत्व असे की, ही त्रुटी त्यांनी स्वतःच कथेत मांडली आहे. नायक तान्हा असताना उन्हाच्या चौकोनात बसलेला असतो. दुसरे मूल जवळ आल्यावर तो त्याला ढकलतो आणि ऊन आपले असल्याचे बोबड्या बोलात सांगतो. भाषा रचणाऱ्या विद्वानाने ज्या भावनेचा रस्ता बंद केला, तिला मुलाने पहिल्याच प्रयत्नात वाट काढली. अशी भाषा वाचकाला पटते. कारण तिच्यात माणूस शिरलेला आहे.

५

सुझेट हेडन एल्जिन यांचा प्रयोग या सर्वांत धाडसाचा. त्या स्वतः भाषाशास्त्राच्या अध्यापिका होत्या. स्त्रियांचे अनुभव प्रचलित भाषांत नीट व्यक्त होत नाहीत, अशी त्यांची भूमिका. म्हणून १९८२ मध्ये त्यांनी लादान ही भाषा रचण्यास आरंभ केला आणि १९८४ च्या 'नेटिव्ह टंग' या कादंबरीत तिला स्थान दिले. लादानमधील प्रत्येक विधानाच्या शेवटी त्या ज्ञानाचा आधार सांगणारा शब्द येतो: हे मी स्वतः अनुभवले, हे स्वप्नात पाहिले, हे विश्वासू व्यक्तीकडून कळले, हे ज्याने सांगितले त्याच्यावर माझा भरवसा नाही, इत्यादी.

ही व्यवस्था अपूर्व वाटते. परंतु तिची बीजे आपल्या घरात आहेत. 'पाटलांनी मळा विकला म्हणे' यातील 'म्हणे' हे आता क्रियापद राहिलेले नाही. ऐकीव माहितीची जबाबदारी झटकणारे ते अव्यय झाले आहे. 'बाबा आले वाटतं' यातील 'वाटतं' दाराशी दिसलेल्या चपलांवरून केलेले अनुमान सांगते. ही रूपे कोणा समितीने ठरविली नाहीत. बोलता बोलता ती झिजून घडली.

लादानचे पुढे काय झाले? स्त्रिया ही भाषा आपलीशी करतील किंवा हिच्याहून चांगली घडवतील, अशी एल्जिन यांची अपेक्षा होती आणि त्यासाठी त्यांनी दहा वर्षांची मुदत ठरविली होती. मुदत संपल्यावर तसे घडले नाही, हे त्यांनी मोकळेपणाने जाहीर केले. याच काळात मार्क ओक्रँड यांनी १९८४ च्या एका चित्रपटासाठी रचलेली क्लिंगॉन ही परग्रहावरील योद्ध्यांची भाषा शिकणाऱ्यांचे मंडळ उभे राहिले आणि तीत 'हॅम्लेट'ही उतरले. ती मुद्दाम विचित्र केलेली होती: वाक्यात कर्म आधी, कर्ता शेवटी, वर्णमालेत मूर्धन्य 'ड' आहे पण त्याचा जोडीदार 'ट' नाही. एल्जिन यांची भाषा गरजेपोटी जन्मली, ओक्रँड यांची करमणुकीपोटी. पण बोलणारे दुसरीला अधिक मिळाले. एल्जिन यांच्या मूळ प्रश्नाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. फक्त असे दिसते की, भाषेची आवश्यकता सिद्ध करून भाषक मिळत नाहीत. एकत्र जमण्याचे निमित्त मिळाले म्हणजे मिळतात.

६

कुमारांसाठीच्या पुस्तकांपैकी रिचर्ड अॅडम्स यांच्या 'वॉटरशिप डाउन' (१९७२) चा उल्लेख केलाच पाहिजे. त्यातील सशांच्या भाषेत थोडेच शब्द आहेत. सशांना चारपर्यंतच मोजता येते, म्हणून त्यापुढील प्रत्येक संख्येला एकच शब्द. बिळाबाहेर येऊन चरण्याला एक शब्द. मोटारीला तिच्या आवाजावरून पडलेला एक शब्द. हे शब्द पुनःपुन्हा संदर्भाने येतात. कथेच्या उत्तरार्धात एक ससा शत्रूच्या सेनापतीला याच भाषेत एक सणसणीत वाक्य ऐकवतो; त्याचा अनुवाद दिलेला नाही आणि त्याची गरजही पडत नाही. बारा वर्षांच्या वाचकाला ती शिवी कळते, आणि आपण एक भाषा शिकलो हे त्याच्या ध्यानात येते. मूल आपली पहिली भाषा जशी शिकते तशीच त्याने ही शिकलेली असते. व्याकरणाच्या दृष्टीने ही भाषा टोल्कीन यांच्या भाषांपुढे काहीच नाही. पण तिने वाचकालाच आपला भाषक करून घेतले.

७

या विवेचनाचा उपयोग कादंबऱ्यांपुरता मर्यादित नाही. भाषा घडविण्याचा मोह राज्यकर्त्यांना, सुधारकांना आणि विद्वानांनाही होतो. मराठीतील भाषाशुद्धीच्या चळवळीने अनेक शब्द सुचविले. 'महापौर' रुळला, 'दिनांक'ही रुळला, पण 'तारीख' गेली नाही. अर्जावर आपण दिनांक घालतो आणि लग्नाची तारीख विचारतो. एका शब्दाला हाकलून दुसरा बसवावा, हा सुधारकांचा हेतू होता. बोलणाऱ्यांनी दोन्ही ठेवून घेतले आणि कामे वाटून दिली. याला चळवळीचे अपयश म्हणणे बरोबर होणार नाही. भाषेचा अंतिम निवाडा कोणाच्या हाती असतो, एवढेच यावरून कळते.

म्हणून विद्यार्थ्यांना असे सुचवावेसे वाटते की, अशी कादंबरी हाती आली तर तिच्यातील शब्दकोश पाहून थांबू नये. तिची भाषा मुले कशी मोडतात, रागावलेला माणूस तीत कसा बोलतो, दोन पिढ्यांचे उच्चार वेगळे आहेत काय, हे पाहावे. या प्रश्नांना जिथे उत्तरे मिळतात तिथे लेखकाला भाषा म्हणजे काय हे कळलेले असते. जिथे सर्वजण पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच शुद्ध भाषा बोलतात, तिथे परग्रह कितीही दूरचा असला तरी समजावे की आपण अजून लेखकाच्या टेबलापाशीच आहोत.