जुन्या गिटार ॲम्प्लिफायरची विद्युतसुरक्षा

व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या गिटार ॲम्प्लिफायरमध्ये गिटारच्या तारा केबलच्या आवरणामार्फत यंत्राच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. त्यामुळे सांगाड्यात वीज उतरल्यास ती थेट वादकाच्या बोटांपर्यंत पोहोचते.

1950 व 1960च्या दशकांतील अनेक अमेरिकी ॲम्प्लिफायरना अर्थिंग नसलेला दोन पिनांचा प्लग असे. गुणगुण कमी करण्यासाठी वीजवाहिनी व सांगाडा यांच्यामध्ये बहुधा 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडलेला असे. तो आतून ‘शॉर्ट’ झाल्यास सांगाड्यात पूर्ण विद्युतदाब येऊ शकतो. अशा वेळी वादकाचे ओठ अर्थ केलेल्या मायक्रोफोनला लागले, तर विद्युतमंडल त्याच्या शरीरातून पूर्ण होते. म्हणून या कपॅसिटरला ‘डेथ कॅप’ म्हणतात.

पुण्यासह भारतात घरगुती वीजपुरवठा 230 व्होल्टचा असल्याने ही यंत्रे दाब उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चालवावी लागतात. मात्र ऑटोट्रान्सफॉर्मरमधील वेटोळी परस्परांपासून अलग नसतात. फेज व न्यूट्रल उलटे जोडले गेल्यास त्याचे एक टोक जमिनीच्या तुलनेत 230 व्होल्टवरच राहते.

सुधारणा करताना हा कपॅसिटर काढून टाकतात, तीन तारांची केबल बसवतात, अर्थिंगची हिरवी तार स्वतंत्र बोल्टने सांगाड्याला घट्ट जोडतात आणि फ्यूज व स्विच फेजच्या तारेत ठेवतात. ट्रान्सफॉर्मरमधूनही अर्थिंग अखंड राहणे आवश्यक असते. जुन्या इमारतींत तीन छिद्रांचे सॉकेट असूनही अर्थिंग नसू शकते; तसे असल्यास ही सुधारणा निरुपयोगी ठरते. प्लग काढल्यानंतरही आतील फिल्टर कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा भार टिकून राहू शकतो. म्हणून हे काम जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे लागते.