नाताळची गाणी : देवाचा पाळणा

प्रत्येक धर्मात दोन प्रकारची गाणी आढळतात. काही गाणी देवळात शोभतात. त्यांचे शब्द ठरलेले असतात आणि वेळही ठरलेली असते. दुसरी गाणी अंगणात, माजघरात, जात्यावर आणि पाळण्याजवळ वाढतात. नाताळात ख्रिस्ती बंधुभगिनी जी गाणी गातात, ज्यांस कॅरल म्हणतात, ती मुळात या दुसऱ्या प्रकारची आहेत. एवढे ध्यानात घेतले, म्हणजे आपल्यांपैकी जे त्या धर्माचे नाहीत त्यांनाही त्या गाण्यांचा अर्थ परका वाटणार नाही.

कॅरल हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. फेर धरून नाचताना म्हणावयाचे गीत, असा त्याचा जुना अर्थ. आपल्या खानदेशात भुलाबाईच्या दिवसांत मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखण्याचा खेळ होतो. युरोपातील खेड्यांत दारोदार हिंडून कॅरल गाणारी पोरे आणि आपल्या या मुली यांची जात एकच. अशी गाणी हुकमाने मरत नाहीत. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळचा सण रद्द ठरविला होता. पण ही गाणी लोकांच्या तोंडी टिकली, आणि राजवट पालटल्यावर सणही परत आला.

या गाण्यांतील कथा अगदी साधी आहे. योसेफ व मरिया बेथलेहेमास येतात. उतारशाळेत जागा नसते. बाळ जन्मते आणि आई त्याला गव्हाणीत निजविते. ही वार्ता प्रथम कळते ती रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिसने खरी गव्हाण मांडून, बैल व गाढव उभे करून हा प्रसंग लोकांना दाखविला. शास्त्री मंडळींच्या चर्चेत गुंतलेला देव त्या रात्री गोठ्यात आला. ज्याने कडब्याचा आणि शेणाचा वास घेतला आहे, त्या आपल्या शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आमच्या मते या गाण्यांचे मर्म असे आहे. एरवी माणूस देवापुढे उभा राहतो तो काहीतरी मागण्यासाठी : आरोग्य दे, धान्य दे, संकटातून सोडव. पाळणा म्हणताना हे नाते उलटे होते. रामनवमीच्या दुपारी किंवा गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री आपल्या बायका पाळण्याची दोरी हाती घेतात, तेव्हा त्या काही मागत नाहीत. देवाला झोप लागावी, त्याला थंडी बाजू नये, एवढीच त्यांची काळजी. ज्याने जग सांभाळावे त्यालाच सांभाळण्याचे काम माणसाकडे येते. नाताळच्या गाण्यांतही हेच घडते. ती गाणारा मनुष्य, विद्वान असो वा अडाणी, घटकाभर आई होतो. आणि आई झालेल्या माणसाच्या मनात गर्वाला जागा उरत नाही.

'शांत रात्र' या अर्थाचे जगप्रसिद्ध गीत असाच एक पाळणा आहे. योसेफ मोर या धर्मगुरूचे शब्द आणि फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांची चाल. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या लहानशा गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी ते प्रथम म्हटले गेले, तेही साध्या गिटारच्या साथीवर. पुढे १९१४ च्या नाताळात, पहिले महायुद्ध पेटले असता, पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी जर्मन व इंग्रज शिपायांनी आपापल्या खंदकांतून ही गाणी म्हटली, आणि बाहेर येऊन एकमेकांचे हात हाती घेतले. युद्ध त्यामुळे थांबले नाही, हे खरे. परंतु ज्यांना आईचा आवाज आठवला, त्यांना तेवढा वेळ गोळी झाडवली नाही.

मग मराठी माणसाने हे गाणे कोणत्या सुरात गावे? हा प्रश्न वरवरचा नव्हे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यास आला. ख्रिस्तजन्माची कथा त्याने ओवीत सांगितली, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. तरी पुढील काळात मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालीच पुष्कळ रूढ झाल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर तुटले, नातीगोती तुटली. लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षांनी त्या धर्मात आल्या. धर्म बदलला म्हणून ज्या भाषेत आईने ओव्या म्हटल्या तीही सोडावयाची काय? टिळकांनी गाऊन उत्तर दिले. अभंग, भजन, कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. १९०७ साली याच जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळालेले धरणगावचे ठोमरे पुढे तेव्हाच्या अहमदनगरास या टिळकांच्याच घरी राहिले. ज्या घराने आपला सूर राखला, त्या घरात दुसऱ्याच्या मुलालाही जागा होती.

आज डिसेंबरात दुकानांतील ध्वनिवर्धकांवर ही गाणी दिवसभर वाजतात. ती कोणासाठी वाजतात, हे दुकानदारालाही सांगता येणार नाही. पण नवापूरकडील मावची मंडळी एकत्र जमून गातात, किंवा एखाद्या गावी चार पोरे थंडीत कुडकुडत दाराशी येऊन गातात, तेव्हा त्या गाण्यात एक प्रश्न असतो. बेथलेहेमच्या उतारशाळेने ज्याला जागा नाकारली, तो आज दाराशी आला तर आपण काय करू? तो बाळाच्या रूपानेच येईल असे नाही. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाच्या रूपाने येईल, परजातीच्या भाडेकरूच्या रूपाने येईल. दार उघडणे हा त्या गाण्याचा खरा अर्थ. आणि तो समजण्यासाठी कोणालाही आपला धर्म सोडावा लागत नाही.