रुग्ण पडू नये म्हणून

व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर हा विषय वाचून काही श्रोत्यांना तो फार किरकोळ वाटला असेल. इस्पितळाचे प्रश्न म्हटले म्हणजे औषधांचा तुटवडा, खाटांची कमतरता, डॉक्टरांच्या रिकाम्या जागा हेच डोळ्यांपुढे येते. रुग्ण खाटेवरून उतरताना पडला, यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे? परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो. ही सगळी माणसे इस्पितळात पडत नाहीत, हे खरे. पण न्यूमोनियासाठी दाखल केलेले वडील खुब्याचे हाड मोडून घरी आले, असे ज्यांच्या घरी घडले आहे, त्यांना हा विषय किरकोळ वाटणार नाही.

आम्ही पुष्कळ वर्षे इस्पितळातील कामगारांत काम करीत आलो आहोत. वॉर्डात ज्यांना मामा आणि मावशी म्हणतात, त्यांच्यात. पडलेल्या रुग्णाला उचलतात तेच, आणि ‘तुम्ही कुठे होता?’ हा पहिला प्रश्नही त्यांनाच विचारला जातो. दुसऱ्या दिवशी मेमो येतो. त्या मेमोंची उत्तरे लिहिता लिहिता आम्ही या विषयाकडे वळलो.

रुग्ण पडतो तो बहुधा कोणी पाहत नसताना, आणि पुष्कळदा लघवीला जाताना किंवा तिथून परतताना. चार दिवस पडून राहिल्याने पायांतले बळ गेलेले असते. झोपेची गोळी असते, रक्तदाबाची असते. माणूस एकदम उठून उभा राहिला की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यातच हाताला सलाइन, पायात घरची गुळगुळीत झालेली सपाता आणि नुकतीच पुसलेली फरशी. कठडा लावला म्हणजे काम झाले असे समजू नये. गोंधळलेला रुग्ण कठड्यावर चढतो आणि अधिक उंचीवरून खाली येतो. याखेरीज आणखी एक कारण आहे. ते पुस्तकांत कमी आणि वॉर्डात जास्त सापडते. ते म्हणजे संकोच. ‘मावशींना किती वेळा उठवायचे?’ असे म्हणून म्हातारी बाई एकटीच उठते.

कोण पडण्याचा संभव आहे हे आधी ओळखता येते. कॅनडात काम करणाऱ्या जॅनिस मोर्स यांनी १९८० नंतरच्या दशकात यासाठी एक मोजपट्टी तयार केली. रुग्ण पूर्वी पडला आहे काय, दुसरा आजार आहे काय, चालताना कशाचा आधार घेतो, सलाइन चालू आहे काय, चाल कशी आहे आणि स्वतःच्या शक्तीचे भान आहे काय, अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. परिचारिकेला हे काम दोनचार मिनिटांचे आहे. खरी अडचण पुढेच असते. हे गुण केसपेपरात राहतात, आणि केसपेपर मावशी वाचत नाही, मुलगा वाचत नाही, रुग्ण तर नाहीच नाही. म्हणून खूण हवी.

चित्रांनी माहिती सांगण्याचे शास्त्र जुने आहे. व्हिएन्ना शहरात १९२५ मध्ये ओटो नॉयराट यांनी एक संग्रहालय काढले आणि घरे, रोगराई, जन्ममृत्यू यांचे आकडे चित्रांच्या खुणांनी भिंतीवर मांडले. थकून आलेल्या कामगारालाही ते समजावे हा हेतू होता. आमच्यासारख्या, शाळा लवकर सुटलेल्या माणसाला नॉयराट यांच्याविषयी विशेष आपलेपणा वाटतो, म्हणून एवढे विषयांतर.

आता खुणेतला धोका पाहा. अमेरिकेत रुग्णाच्या मनगटावर रंगीत पट्टी बांधण्याची पद्धत आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात दोन इस्पितळांत काम करणाऱ्या एका परिचारिकेने एका रुग्णाला पिवळी पट्टी बांधली. एका इस्पितळात तिचा अर्थ ‘या हातातून रक्त घेऊ नये’ असा होता. पण जिथे तिने ती बांधली तिथे अर्थ होता, ‘हृदय बंद पडल्यास ते सुरू करण्याचा प्रयत्न करू नये’. त्या रुग्णाचे हृदय खरोखरच बंद पडले. दुसऱ्या कोणाच्या तरी वेळीच लक्षात आले म्हणून तो वाचला. ही हकीगत २००५ मध्ये तेथील रुग्णसुरक्षा यंत्रणेने प्रसिद्ध केली. पुढे २००८ मध्ये अमेरिकेतील इस्पितळांच्या संघटनेने सर्वांना एकच रंग वापरण्याची शिफारस केली, आणि पिवळा रंग पडण्याच्या धोक्यासाठी ठरला. आपल्याकडे हाच पिवळा रंग २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रक्ताळलेले बँडेज टाकण्याच्या पिशवीचा आहे. म्हणजे मावशी दिवसभर ज्या रंगाकडे कचरा म्हणून पाहते, तोच रंग तिने माणसाच्या मनगटावर पाहायचा! नियम करणाऱ्यांनी मावशीला विचारले असते तर तिने हे सांगितले असते.

आम्हाला ठाऊक असलेल्या एका इस्पितळात खाटांवर इंग्रजी अक्षरांच्या सुबक पाट्या लागल्या. त्यांतल्या एकीचा अर्थ आम्ही एका मावशीला विचारला. ती म्हणाली, “त्या पेशंटला पाणी द्यायचं नसेल.”

नुसत्या पाटीने किती भागते? ऑस्ट्रेलियात सहा इस्पितळांतील २४ वॉर्डांत याचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. डोक्याशी धोक्याची पाटी, न्हाणीघरात सोबत, काठी हाताशी, ठरावीक वेळी लघवीला नेणे, बुटकी खाट आणि उठताच वाजणारी घंटा, असे सहा उपाय त्यात होते. ४६ हजारांहून अधिक दाखल्यांचा हिशेब मांडल्यावर दिसले की पडण्याचे प्रमाण कमी झाले नाही. हा निकाल इस्पितळांच्या चालकांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे.

याच्या उलट अनुभव बॉस्टनचा. पॅट्रिशिया डाइक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी परिचारिका आणि मदतनीस यांनाच विचारले की रुग्ण का पडतात. त्यातून निघाले ते असे, की ‘धोका’ एवढेच सांगणारी पाटी काय करायचे ते सांगत नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक खाटेजवळ त्या एका रुग्णाला लागणाऱ्या गोष्टींचीच चित्रे लावली. एकाला काठी, दुसऱ्याला लघवीला नेताना सोबत, तिसऱ्याला सलाइनचा खांब सांभाळणे. चार इस्पितळांत हा प्रयोग झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हजार रुग्णदिवसांमागे पडण्याचे प्रमाण नेहमीच्या वॉर्डांत ४.१८, तर या वॉर्डांत ३.१५ होते. मात्र इजा होण्याचे प्रमाण त्या वेळी घटलेले दिसले नाही. नंतर रुग्ण आणि त्याचे घरचे लोक यांनाही हा तक्ता भरताना बरोबर घेण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टन व न्यूयॉर्कच्या अहवालात, ३७ हजारांहून अधिक रुग्णांत, पडणे १५ टक्क्यांनी आणि पडून इजा होणे ३४ टक्क्यांनी कमी झाले.

दोन्ही प्रयोगांचे वॉर्ड, देश, पद्धती वेगळ्या होत्या. म्हणून एकाला दुसऱ्याने सरळ तोलता येणार नाही. तरी आमचे मत असे, की ‘हा पडेल’ असे सांगणारी खूण रुग्णाच्या कपाळी शिक्का मारते, आणि ‘याला हात धरून न्या’ असे सांगणारी खूण कोणाला तरी काम सांगते. आपल्या वॉर्डात रुग्णाजवळ बहुधा घरचा माणूस असतो. परदेशी इस्पितळांना अशी सोय क्वचितच लाभते. त्या मुलाला किंवा सुनेला दाखल करतानाच चित्र दाखवून सांगितले, की यांना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसवा, पाय हलवू द्या, मग उभे करा, तर अर्धे काम होते. चित्र ठळक, काळे, मंद दिव्यातही दिसणारे असावे; आणि रुग्ण सुधारला की ते त्याच दिवशी काढावे. जुनी पाटी लटकत राहिली की कोणी कुठल्याच पाटीकडे पाहत नाही.

चाकाचा ब्रेक लावणे, खाट खाली घेणे, काठी जवळ ठेवणे ही कामे खुणेने आठवतात. ‘उठण्यापूर्वी हाक मारा’ ही खूण मात्र वेगळ्या जातीची आहे. हाक मारल्यावर कोणी येईल, असे ती रुग्णाला कबूल करते. रात्रपाळीला चाळीस खाटांमागे एक मावशी असेल, आणि ती रक्ताची बाटली आणायला रक्तपेढीत गेली असेल, तर रुग्ण दोनदा हाक मारतो आणि तिसऱ्यांदा स्वतःच उठतो. मग तो पडला की चौकशीत पाटी पुराव्याला पुढे येते: पाटी लावली होती, मावशी जागेवर नव्हती. म्हणून पाट्यांची योजना घेऊन चालक आमच्याकडे आले की आम्ही एवढेच विचारतो, रात्री या हाकेला ओ कोण देणार, आणि ती बाहेर गेली तर तिच्या जागी कोण? याचे उत्तर कागदावर मिळाले, तर पाट्या ठोकताना स्टूल धरायला आम्ही स्वतः येऊ.