‘कोल्ड एअर इंटेक’ खरंच कोल्ड असतो का?

पेटची तयारी करणारे बरेच जण म्हणतात, "रिसर्च क्वेश्चन सापडत नाही." आसपास सर्रास केला जाणारा एखादा दावा उचला आणि तो मोजता येईल असा लिहून बघा. आजचं उदाहरण गाडीचं आहे: टर्बो गाडीला बाहेरचा ‘कोल्ड एअर इंटेक’ बसवला की पॉवर वाढते.

वस्तू साधी आहे. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढायचा, त्याजागी रुंद पाइप आणि उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवायचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, सेन्सरचं कनेक्टर काढा, ब्रीदरची नळी सांभाळा, क्लॅम्प आवळा. तासाभराचं काम. पण दुकानदार जे विकतो ते पाइप नाही, एक हायपोथिसिस आहे: थंड हवा घन असते, म्हणून जास्त ऑक्सिजन, म्हणून जास्त ताकद.

यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं. मे महिन्यात जालन्यात बाहेर ४२ अंश आहेत आणि बॉनेटखाली ६५, असं समजू. केल्व्हिनमध्ये ३१५ आणि ३३८. दाब तोच असेल तर गरम हवेची घनता सुमारे ७ टक्के कमी. बहुतेकांचं गणित इथेच थांबतं, आणि ७ टक्के ऐकायला छानच वाटतात.

पण गाडी टर्बो आहे ना! टर्बो हवा दाबतो आणि दाबताना तापवतो. प्रेशर रेशो १.८ आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरा. ४२ अंशांची हवा बाहेर पडताना साधारण १२४ अंश होते, ६५ अंशांची १५३. पुढे इंटरकूलर. तोही ७० टक्के परिणामकारक आणि त्याच्यावरून बाहेरची ४२ अंशांची हवा वाहतेय असं धरलं, तर इंजिनपाशी पोचणारी हवा अनुक्रमे ६७ आणि ७५ अंशांच्या आसपास येते. म्हणजे सुरुवातीचा २३ अंशांचा फरक ८-९ अंशांवर आला आणि घनतेतला फरक ७ टक्क्यांवरून अडीचवर. विनाटर्बो इंजिनासाठी केलेला युक्तिवाद जसाच्या तसा टर्बोला लावला की असं होतं. पेपर वाचताना हे नेहमी तपासा: निष्कर्ष ज्या सिस्टीमवर काढलाय, ती आणि तुमची सिस्टीम एकच आहे का?

शिवाय ते ६५ अंश आपण गृहीत धरलेत. बऱ्याच गाड्यांमध्ये कंपनीचा डबा मुळातच ग्रिलजवळून, बाहेरची हवा ओढतो. तिथे फायदा जवळपास शून्य. आणि किटचा उघडा फिल्टर टर्बोच्या शेजारी, हीट शील्डशिवाय बसला, तर तो जुन्या डब्यापेक्षा गरम हवा ओढेल. ‘कोल्ड’ हे नाव आहे, मोजमाप नाही.

मग मोजायचं कसं? ओबीडी स्कॅनर लावून सेवन हवेचं तापमान आणि मॅनिफोल्डचा दाब नोंदवता येतो. आधी सेन्सर कुठे बसलाय ते बघा. फिल्टरपाशी आणि इंटरकूलरनंतर, या दोन जागांचे आकडे वेगळी गोष्ट सांगतात. सकाळी जुना डबा आणि दुपारी नवा किट असं कराल तर तुम्ही किट नाही, जालन्याचं ऊन मोजताय. म्हणून जुना–नवा–परत जुना असा क्रम हवा, तोही अनेक दिवस, एकाच रस्त्यावर, कायदेशीर वेगात, आणि नोंदी घ्यायला शेजारी दुसरा माणूस. (समृद्धीवर ‘पिकअप टेस्ट’ करायला जाऊ नका, प्लीज.)

अजून एक मजेशीर अडचण. उघड्या फिल्टरमुळे टर्बोची शिट्टी आणि हवा सुटल्याचा फुस्स आवाज स्पष्ट ऐकू येतो. चालवणाऱ्याला वाटतं, गाडी उडतेय! औषधाच्या चाचणीत रुग्णाला गोळी खरी की खोटी ते कळू देत नाहीत. इथे गोळीच ओरडून सांगते की मी खरी आहे. म्हणून ‘फरक जाणवतो’ हा डेटा धरायचा नाही.

आता ज्याकडे कुणी बघत नाही तो व्हेरिएबल, धूळ. माझ्या मते जालन्यापुरता खरा प्रश्न हाच आहे. उन्हाळ्यात नांगरट झालेली काळी जमीन, एमआयडीसीतल्या स्टीलच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक, कच्चे साइडपट्टे. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन साधारण ११ किलो हवा घेतं, म्हणजे इथल्या उन्हात दहा घनमीटरच्या आसपास. लिटरला १५ किलोमीटर धावणारी गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर चालली तर दहा हजार घनमीटर हवा. आता एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७. फरक २ टक्क्यांचा? नाही. आत गेलेली धूळ १ टक्क्याऐवजी ३ टक्के, म्हणजे तिप्पट. आणि हवेच्या वाटेत सगळ्यात आधी भेटतं ते प्रचंड वेगाने फिरणारं कंप्रेसरचं चाक. फिल्टर तपासायला आयएसओ ५०११ ही प्रमाणित पद्धत आहे. किटवाल्याकडे तिचा रिपोर्ट मागून बघा, संभाषण लगेच बदलतं.

तेल लावलेल्या फिल्टरचं तेल जास्त झालं तर मास एअरफ्लो सेन्सरवर जाऊन बसतं. पाइपचा व्यास बदलला तर त्याच सेन्सरचं कॅलिब्रेशन बिघडतं. ज्या गाड्यांत हा सेन्सर नसतो, त्यांना ही चिंता नाही.

या सगळ्यावरून क्वेश्चन असा लिहिता येईल: "४० अंशांवरच्या तापमानात, एकाच टर्बो गाडीत, किट बसवल्याने इंटरकूलरनंतरचं तापमान किती बदलतं आणि फिल्टरपलीकडे किती धूळ जाते?" दुसऱ्या भागाची सुरुवात तर फुकटात होते. इंजिन बंद आणि थंड असताना फिल्टरनंतरचा पाइप उघडून आतून स्वच्छ पांढऱ्या कापडाने पुसून घ्या, हजार किलोमीटरनंतर पुन्हा पुसा. कापडावर काळ्या मातीची पूड दिसली, तर जुना डबा परत बसवा. आणि पाइपचं तोंड बंपरखाली उतरवलं असेल, तर पावसाळ्यात पुलावर पाणी असताना गाडी घालू नका. इंजिनाने पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.